एकोच्या रिपोर्टातली भिंतीची ओळ वाचता का?

उत्तरकसबा (धागालेखक)

मी फिजिशियन आहे, सोलापुरात टू-डी एको करतो. एको झाला की पेशंट असो वा बरोबर आलेला मुलगा, पहिला प्रश्न एकच: "पंपिंग किती आलं?" साठ सांगितलं की जीव भांड्यात पडतो, पस्तीस सांगितलं की पाय लटपटतात. पण त्याच पानावर, आकड्याच्या आसपास, आणखी एक ओळ छापलेली असते. 'नो आरडब्ल्यूएमए', किंवा 'इन्फिरियर वॉल हायपोकायनेटिक', किंवा 'एलएडी टेरिटरी अकायनेटिक'. ती ओळ घरचे वाचत नाहीत आणि फोनवर पुढच्या डॉक्टरला सांगतही नाहीत. ती नीट समजावी म्हणून हा धागा काढतोय.

आरडब्ल्यूएमए (रीजनल वॉल मोशन ॲबनॉर्मॅलिटी) म्हणजे हृदयाच्या भिंतीच्या स्नायूचा एखादा भाग बाकीच्या भागांइतका आकुंचन पावत नाही. तुमच्या 'पंपिंग'ला रिपोर्टात इएफ म्हणतात, म्हणजे डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्याला किती टक्के बाहेर फेकलं गेलं. निरोगी माणसातही हा आकडा साधारण ५५ ते ७० असतो. शंभर कधीच नसतो. हे मुद्दाम सांगतो, कारण "साठच टक्के चालतंय?" म्हणून घाबरलेली माणसं नेहमी भेटतात.

इएफ हा सगळ्या कप्प्याचा मिळून एक आकडा झाला. पण ब्लॉकेज होतं ते एखाद्या वाहिनीत, आणि रक्त तुटतं ते तिच्या वाट्याच्या स्नायूचं. ढोबळ वाटणी अशी: एलएडी ही वाहिनी समोरची भिंत, दोन कप्प्यांमधल्या पडद्याचा पुढचा भाग आणि हृदयाचं टोक, म्हणजे एपेक्स, सांभाळते. उजवी वाहिनी, आरसीए, बहुतेकांमध्ये खालच्या म्हणजे इन्फिरियर भिंतीला आणि पडद्याच्या मागच्या भागाला रक्त देते. सर्कमफ्लेक्स बाजूच्या, लॅटरल भिंतीला. माणसागणिक थोडा फरक असतो, सीमेवरचे भाग कधी या वाहिनीकडे तर कधी त्या. तरीही कुठली भिंत मंदावली यावरून कुठे अडलंय याचा अंदाज अँजिओच्या आधी बांधता येतो.

रक्त थांबल्यावर स्नायू फार वेळ तग धरत नाही. टेनंट आणि विगर्स यांनी १९३५ साली कुत्र्यांच्या हृदयाची वाहिनी बांधून दाखवलं होतं की मिनिटभराच्या आत तो भाग आकुंचन सोडतो आणि उलट बाहेर फुगायला लागतो. पुढे याचा क्रमही कळला. आधी रक्तपुरवठा घटतो, मग स्नायू सैल व्हायला अडखळतो, मग आकुंचन बिघडतं, त्यानंतर ईसीजी बदलतो आणि छातीत दुखणं बहुधा सगळ्यांत शेवटी येतं. म्हणजे योग्य वेळी पाहिलं तर भिंत ईसीजीच्याही आधी खबर देते.

आता इएफचं बघा. खालची भिंत थांबली की समोरची आणि बाजूची भिंत जास्त जोर लावतात. एकूण आकडा ५५ चा ५५ राहतो. म्हणून 'इएफ ५५, इन्फिरियर वॉल अकायनेटिक' (खालची भिंत ठप्प) या रिपोर्टला नॉर्मल म्हणणं चूक आहे. त्या माणसाला अटॅक येऊन गेलेला असू शकतो, आणि मधुमेह असेल तर त्याला पत्ताही लागलेला नसतो.

आम्ही डावा कप्पा १६ किंवा १७ भागांत वाटून बघतो. सतरावा भाग म्हणजे टोकावरची टोपी, ती मुळातच फारशी हलत नाही. प्रत्येक भागाला गुण असतात. नीट आकुंचन पावणाऱ्याला १, मंद म्हणजे हायपोकायनेटिकला २, ठप्प म्हणजे अकायनेटिकला ३ आणि आकुंचनाच्या वेळी उलट बाहेर फुगणाऱ्या डिस्कायनेटिकला ४. सगळ्यांची सरासरी १ आली तर उत्तम. जितकी वर, तितका जास्त स्नायू कामातून गेलेला.

प्रश्न जरूर विचारा. मात्र कुणाचं औषध बदलायचा सल्ला मी इथे देणार नाही.

विणकर_पूर्वभाग

डॉक्टरसाहेब, लई उपयोगाचा धागा. आमच्या अप्पांना उन्हाळ्यात अटॅक आला. अक्कलकोट रोडला कारखान्यातच घाम फुटून खाली बसले. त्याच दिवशी स्टेंट टाकला. घरी सोडताना रिपोर्टात 'एलएडी टेरिटरी अकायनेटिक, एपेक्स डिस्कायनेटिक, इएफ ३५, नो क्लॉट' असं होतं. तीन महिन्यांनी परत एको करायला सांगितलंय. स्टेंट टाकून वाहिनी मोकळी झाली, मग भिंत का चालेना? आणि परत एको कशासाठी? आमची आई म्हणते तपासण्या उगाच वाढवतात. समजावून सांगा की ओ, म्हणजे तिला तेलुगूत सांगता येईल.

उत्तरकसबा

विणकरभाऊ, प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे. वाहिनी मोकळी झाली म्हणजे स्नायू त्याच क्षणी कामाला लागतो असं नाही. काही स्नायू मेलेला असतो, तो परत येत नाही. काही जिवंत असतो पण रक्त तुटल्याच्या धक्क्याने गप्प झालेला असतो. याला स्टनिंग म्हणतात. ब्राउनवाल्ड आणि क्लोनर यांनी १९८२ मध्ये याबद्दल लिहिलं तेव्हापासून हा शब्द रुळला. असा स्नायू काही दिवसांत, कधी काही आठवड्यांत परत आकुंचन पावायला लागतो. तिसरा प्रकार हायबरनेटिंग स्नायूचा. वाहिनी बराच काळ अरुंद असल्यामुळे तो काम आवरतं घेऊन जिवंत राहिलेला असतो, आणि रक्तपुरवठा सुधारला तर त्यातला बराचसा परत येतो.

अटॅकच्या आठवड्यात काढलेल्या एकोत हे तिन्ही सारखेच दिसतात: न हलणारी भिंत. म्हणून त्या दिवशीच्या ३५ वर कायमचा शिक्का मारायचा नसतो. जे परत यायचं ते आलं का, हे पाहायला पुढचा एको असतो. त्यावर एक मोठा निर्णयही अवलंबून असतो. औषधं पूर्ण चालू असूनही इएफ ३५ किंवा त्याहून खालीच राहिला, तर अचानक ठोके बिघडून जीव जाण्याचा धोका असतो आणि असे ठोके ओळखून झटका देणारं आयसीडी नावाचं यंत्र बसवायचा विचार होतो. हा विचार अटॅकनंतर निदान ४० दिवस, आणि स्टेंट किंवा बायपास झाला असेल तर साधारण ३ महिने थांबून करतात. तुमच्या अप्पांची तीन महिन्यांची तारीख इथून आलेली आहे.

'नो क्लॉट' लिहिलंय तेही महत्त्वाचं. टोक हलत नसलं की तिथे रक्त साकळतं आणि गुठळी होऊ शकते. ती सुटून मेंदूत गेली तर लकवा. पुढच्या एकोत टोक नीट दाखवायला सांगा. आईंना सांगा, ही तपासणी उगाच वाढवलेली नाही. आणि औषधं बंद करायची नाहीत, बरं वाटलं तरी.

ज्वारीची_भाकरी

माझा अनुभव वेगळा आहे. वडिलांचा एको एका सेंटरला केला, 'माइल्ड हायपोकायनेशिया, लॅटरल वॉल, इएफ ५०'. आठवड्यात दुसरीकडे केला तर 'नो आरडब्ल्यूएमए, इएफ ६०'. मग आम्ही कुणावर विश्वास ठेवायचा? दोन्हीकडचे पैसे मात्र सारखेच घेतले. खरंच विचारतोय, राग नाही.

उत्तरकसबा

राग आला असता तरी चाललं असतं. भिंत पाहणं हे आजही मुख्यतः डोळ्याचं काम आहे. दोन अनुभवी डॉक्टरांत सौम्य हायपोकायनेशियावर मतभेद होतात, आणि सगळ्यांत जास्त होतात ते लॅटरल भिंतीवर, कारण अल्ट्रासाऊंडचा झोत त्या भिंतीला जवळजवळ समांतर जातो आणि तिची आतली कड पुसट दिसते. अकायनेटिक आणि डिस्कायनेटिकवर सहसा वाद होत नाही. इएफमध्ये पाच-सात गुणांचा फरक तर एकाच डॉक्टरने दोनदा मोजला तरी येतो. ५० आणि ६० हे दोन आकडे ऐकायला लांब वाटतात, मोजमापाच्या दृष्टीने तितके लांब नाहीत.

चित्र स्वच्छ नसेल तर तसं रिपोर्टात लिहिणं ही आमची जबाबदारी आहे, असं मी ठामपणे म्हणतो. 'पुअर विंडो' हे दोन शब्द लिहायला कमीपणा वाटायचं कारण नाही. वर्षानुवर्षं विडी ओढलेली फुप्फुसं, स्थूल छाती, अरुंद बरगड्या, या सगळ्यांत अल्ट्रासाऊंड अडतो, कारण हवेतून तो पुढे जात नाही. शेजारशेजारचे दोन किंवा जास्त भाग दिसतच नसतील तर शिरेतून सूक्ष्म बुडबुड्यांचं कॉन्ट्रास्ट देऊन आतली कड उजळवता येते. ते सगळीकडे उपलब्ध नसतं.

तुम्ही दोन्ही ठिकाणच्या क्लिप पेन ड्राइव्हवर मागून घ्या. छापील फोटोवरून भिंत कळत नाही, ती हलताना बघावी लागते. तिसऱ्या डॉक्टरला दोन्ही क्लिप शेजारी ठेवून दाखवल्या तर बहुतेक वेळा उलगडा होतो, परत एको करावाही लागत नाही.

सातरस्ता

मी मेडिसिनचा पीजी आहे. उत्तरकसबा सरांच्या परवानगीने एक मुद्दा घालतो, आम्हाला युनिटमध्ये पहिल्या दिवसापासून घोकून घेतलेला. भिंत हलते का हे बघू नका, जाड होते का ते बघा.

स्नायू आकुंचन पावला की तो जाड होतो. डाव्या कप्प्याची भिंत विश्रांतीला साधारण ६ ते १० मिलिमीटर असते, आकुंचनात तिची जाडी ३० टक्क्यांहून जास्त वाढायला हवी. १० ते ३० टक्के वाढली तर हायपोकायनेटिक, १० च्या खाली तर अकायनेटिक. हलण्यावर विसंबलं की दोन्ही बाजूंनी फसगत होते. मेलेला भाग शेजारच्या जिवंत भागांच्या ओढीने हलतो आणि चांगला वाटतो. उलट, अख्खं हृदयच छातीत डोलत असेल, म्हणजे बायपासनंतर किंवा हृदयाभोवती पाणी झालं असेल तर, चांगला भाग वाईट वाटतो.

विणकर_पूर्वभाग

सातरस्ता, हे मला एकदम पटलं. चादरीत एका ठिकाणचं सूत तुटलं तरी मागावर ताणलेली असताना तेवढा भाग बाकीच्या कापडाबरोबर सरकतोच. सरकतंय म्हणून वीण शाबूत म्हणता येत नाही. बोट लावून बघावं लागतं.

सातरस्ता

बरोबर, हेच. आणि अजून एक: जिथे भिंत ६ मिलिमीटरहून पातळ आणि यंत्राच्या स्क्रीनवर जास्त चकचकीत पांढरी दिसते, तिथे बहुधा जुना व्रण असतो. तो भाग वाहिनी मोकळी केल्यावर परत येण्याची आशा कमी. जाडी टिकून आहे पण हालचाल नाही, तिथे आशा जास्त.

दोन कप्प्यांमधल्या पडद्याबद्दल सावध राहायला हवं. ईसीजीत एलबीबीबी (हृदयाच्या डाव्या विद्युतवाटेतला अडथळा) असेल, पेसमेकर असेल, बायपास झालेली असेल किंवा उजव्या बाजूवर दाब असेल, तर मधला पडदा विचित्र हलतो. त्यात वाहिनीचा दोष असेलच असं नाही. इथेसुद्धा जाडीच कामाला येते. पडदा चुकीच्या वेळी हलतोय पण जाड होतोय, तर त्याचा स्नायू जिवंत आहे.

तंत्रज्ञ_लातूर

मी एको विभागात तंत्रज्ञ आहे. तुम्ही सगळे डोक्याचं बोलताय, मी हाताचं सांगते. चित्र चांगलं येणं अर्धं पेशंटच्या हातात असतं. डाव्या कुशीवर वळून डावा हात डोक्याखाली घेतला की हृदय छातीच्या भिंतीजवळ येतं. श्वास सोडून काही सेकंद धरायला सांगतो तेव्हा तो खरोखर धरा. उपाशी यायची गरज नाही. बायकांनी पुढून उघडणारा ब्लाउज किंवा कुर्ता घालून यावं. खोलीत बाई असावी असं वाटत असेल तर आधीच सांगा, त्यात संकोच कसला?

टोकाचं चित्र तिरकं कापलं गेलं तर कप्पा आखूड दिसतो आणि न हलणारं टोक नजरेतून निसटतं. प्रोब, म्हणजे छातीवर धरायचं उपकरण, एक बरगडी खाली सरकवायला लागतो, त्याला वेळ लागतो. बाहेर रांग असली की घाई होते, आणि घाईत पहिल्यांदा बळी जातं ते हेच टोक. म्हणून "पाच मिनिटांत झाला, किती हुशार डॉक्टर" असं कुणी म्हटलं की मला काळजी वाटते. भिंतीसाठी निदान पाच वेगवेगळ्या कोनांतून बघावं लागतं: लांबून, आडवं, आणि टोकाकडून चार कप्पे, दोन कप्पे, तीन कप्पे.

एको खोलीबाहेर 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' हा फलक बघून बरेच जण विचारतात, हा इथे का? पीसीपीएनडीटी कायद्यात अल्ट्रासाऊंडची यंत्रं नोंदवावी लागतात, हृदयाची यंत्रंही त्यात येतात. म्हणून फलक असतो.

होटगीरोड

माहितीपूर्ण चर्चा. मी इंजिनिअर आहे, एमआयडीसीत काम करतो. माझ्या बायकोच्या एकोत 'जीएलएस −१९.८%' असं आलं आणि बरोबर एक रंगीत गोल चकती छापलेली होती, बहुतेक लाल, एका कडेला फिकट गुलाबी. तिला स्तनाच्या कॅन्सरसाठी केमो चालू आहे. डॉक्टर म्हणाले ठीक आहे. पण हे नेमकं मोजतात काय? आणि डोळ्याने बघण्यापेक्षा हे चांगलं असेल तर सगळ्यांचंच का करत नाहीत?

उत्तरकसबा

ताईंना लवकर बरं वाटो. हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे, जरा लांबण लागेल.

स्वीडनमध्ये लुंड इथे इंगे एडलर आणि हेल्मुट हर्ट्झ यांनी १९५३ मध्ये पहिल्यांदा हृदयाकडून परतणारे अल्ट्रासाऊंडचे प्रतिध्वनी टिपले. सुरुवातीला त्यांनी वापरलेलं यंत्र जहाजबांधणीच्या कारखान्यातलं होतं, धातूतले दोष शोधण्याचं. शरीराच्या मऊ भागांतून ध्वनी सेकंदाला साधारण १५४० मीटर वेगाने जातो. प्रतिध्वनी किती वेळाने परतला यावरून खोली कळते. हे तत्त्व तेव्हापासून तेच आहे. वाढले ते चित्रातले बारकावे आणि सेकंदाला मिळणाऱ्या चौकटी, म्हणजे फ्रेम.

पुढे टिश्यू डॉप्लर आला. त्यात स्नायूचा वेग थेट मोजता येतो, आणि दोन जवळच्या बिंदूंच्या वेगातल्या फरकावरून मधला स्नायू किती आखडतोय ते काढता येतं. नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमच्या गटाने १९९० च्या दशकाच्या शेवटी हे काम पुढे नेलं. याने ओढीचा प्रश्न बराच सुटला. भाग नुसता ओढला जात असेल तर दोन्ही बिंदू सारख्याच वेगाने जातात, फरक शून्य, म्हणजे आखडणं शून्य. अडचण एकच, डॉप्लर फक्त झोताच्या दिशेचा वेग मोजतो. कोन चुकला की आकडा चुकला.

त्यानंतर, २००४ च्या सुमारास, स्पेकल ट्रॅकिंग आलं. राखाडी चित्रात स्नायूमध्ये जे बारीक ठिपके दिसतात त्यांची रचना प्रत्येक जागी वेगळी असते. संगणक ती रचना ओळखून चौकटीमागून चौकट तिचा माग काढतो. दोन ठिपक्यांमधलं अंतर किती टक्के कमी झालं, तो स्ट्रेन. अंतर घटतं म्हणून आकडा उणे. सगळ्या भागांची टोकापासून तळापर्यंतच्या (तळ म्हणजे कप्प्याचा वरचा, झडपांकडचा भाग) दिशेतली सरासरी म्हणजे जीएलएस. निरोगी माणसात तो −२० च्या आसपास असतो. चकती म्हणजे टोकाकडून पाहिलेला कप्पा: मध्यभागी एपेक्स, कडेला तळ. जिथे गडद लाल तिथे आखडणं चांगलं, फिकट तिथे कमी, निळं म्हणजे आखडण्याऐवजी ताणलं जातंय. तळाच्या कडेला थोडा फिकटपणा बऱ्याच नॉर्मल चकत्यांत असतो, तेवढ्यावरून घाबरू नका.

उपयोग कुठे? पहिला, तुमच्या घरचाच. केमोच्या काही औषधांनी हृदयाला इजा होते आणि इएफ घसरायच्या आधी जीएलएस घसरतो. केमोआधीच्या आकड्यापेक्षा तुलनेने १५ टक्क्यांहून जास्त घसरण झाली तर डॉक्टर सावध होतात. उदाहरणार्थ −२० चा −१६.५. म्हणून सुरुवातीचा रिपोर्ट जपून ठेवा आणि पुढचे एको शक्यतो त्याच यंत्रावर करा, कारण दोन कंपन्यांच्या यंत्रांचे आकडे तंतोतंत जुळत नाहीत. दुसरा उपयोग, अमायलॉइड नावाचा, स्नायूत प्रथिन साचण्याचा आजार. त्यात सगळी भिंत फिकट पण मधलं टोक लाल राहतं. एकदा पाहिलेलं विसरत नाही. तिसरा, लवकरचा रक्ततुटवडा. भिंतीच्या आतल्या थरातले स्नायुतंतू टोक ते तळ अशा दिशेने जातात, आणि रक्त कमी पडलं की झळ आधी त्या आतल्या थरालाच लागते. म्हणून इएफ ठणठणीत असतानाही स्ट्रेन कमी होऊ शकतो.

मग सगळ्यांचं का नाही? एक, चित्र स्वच्छ लागतं आणि सेकंदाला निदान ५० चौकटी लागतात. दोन, त्या वेळी बीपी वाढलेलं असेल तर आकडा कमी येतो. तीन, आणि हे सर्वांत महत्त्वाचं, जीएलएस विश्वासार्ह आहे पण एकेका भागाचा सुटा आकडा अजून तितका पक्का नाही. २०१५ च्या अमेरिकन आणि युरोपीय संस्थांच्या संयुक्त मार्गदर्शक सूचनांनीही एकेका भागासाठी डोळ्याने बघून ठरवणं कायम ठेवलं. मी चकतीकडे दुसरं मत म्हणून बघतो. डोळा म्हणतो इन्फिरियर भिंत मंद आहे आणि चकतीवर तीच कड फिकट आहे, तर माझी खात्री वाढते. दोन्ही जुळत नसतील तर परत प्रोब ठेवतो.

बार्शीलाईट

मी तालुक्याच्या गावात जनरल प्रॅक्टिस करतो. एक धोक्याची गोष्ट सांगतो, कारण माझ्याकडे हे वारंवार येतं. रात्री छातीत दुखलं, घाम आला. "शेंगाचटणी जास्त झाली, पित्त असेल" म्हणून घरी सोडा घेतला. सकाळी दुखणं थांबलेलं. मग एको केला, 'नो आरडब्ल्यूएमए, इएफ ६०'. आणि माणूस निश्चिंत होऊन कामाला जातो.

डॉक्टर, तुम्ही वर लिहिलंत की भिंत आधी खबर देते. वाचणाऱ्याचा समज होईल की भिंत चांगली म्हणजे वाहिन्या चांगल्या. कृपया हे स्पष्ट करा.

उत्तरकसबा

बरं झालं तुम्ही हे लिहिलंत, ही बाब मोठ्या अक्षरात छापायला हवी. विश्रांतीच्या वेळचा एको नॉर्मल आला म्हणजे ब्लॉकेज नाही, असं अजिबात नाही. वाहिनी ७०-८० टक्के अरुंद असली तरी निवांत पडलेल्या माणसाच्या स्नायूला पुरेसं रक्त मिळतं आणि भिंत झकास हलते. दुखणं चालू असतानाच एको केला आणि सगळे भाग उत्तम दिसले, तर मोठा अटॅक असण्याची शक्यता कमी होते. दुखणं थांबल्यावर केलेला नॉर्मल एको तेवढंही सांगत नाही. आणि स्नायूचा लहानसा पट्टा किंवा फक्त आतला थर गेला असेल तर डोळ्याला दिसतही नाही.

रात्रीचं दुखणं, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ: आधी ईसीजी, तोही एकदा नाही तर पुन्हा पुन्हा, आणि रक्तातलं ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली का ते सांगणारी तपासणी. एकोसाठी थांबून वेळ घालवायचा नाही. ईसीजीत अटॅक स्पष्ट दिसत असेल तर थेट कॅथलॅब (अँजिओ-स्टेंटची सोय) असलेल्या ठिकाणी जायचं. मोहोळ, अक्कलकोट, मंगळवेढ्याकडच्या वाचकांनी हे ध्यानात ठेवा. तिथून सोलापूर गाठायला लागणारा वेळ स्नायूच्या आयुष्यातून वजा होतो.

भीमाकाठ

बरेच दिवस विचारायचं मनात होतं. माझा धाकटा मामा अपघातात गेला. निरोप ऐकला आणि आईच्या छातीत दुखायला लागलं. ईसीजी बिघडलेला, एकोत 'एपेक्स आणि मिड सेगमेंट अकायनेटिक, इएफ ३०'. सगळे म्हणाले अटॅक. अँजिओ केली तर तिन्ही वाहिन्या स्वच्छ. महिन्याभराने एको केला तर भिंती नॉर्मल, इएफ ६०. नातेवाईक अजून म्हणतात, पहिला रिपोर्टच चुकीचा होता. आईला वाटतं तिने उगाच सगळ्यांना धावपळ करायला लावली.

उत्तरकसबा

भीमाकाठ, मामांबद्दल वाचून वाईट वाटलं. आईंना सांगा की त्यांना खरा, गंभीर आजार झाला होता आणि धावपळ अगदी योग्य होती. मी पेपर पाहिलेले नाहीत, पण हे वर्णन टाकोत्सुबोशी जुळतं. जपानी डॉक्टरांनी १९९० मध्ये याचं वर्णन केलं. तिथे ऑक्टोपस पकडायचं मडकं असतं, तोंड अरुंद आणि बूड फुगीर, त्यावरून नाव पडलं, कारण आकुंचनाच्या वेळी डावा कप्पा तसाच दिसतो: झडपांकडचा तळ जोरात आखडून अरुंद होतो आणि टोक बुडासारखं फुगलेलं राहतं. दुःखाचा किंवा भीतीचा मोठा धक्का बसला की शरीरात उसळणाऱ्या ॲड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा स्नायूवर आघात होतो, असं मानतात. पाळी गेलेल्या बायकांत हे जास्त दिसतं.

एकोत शंका येते ती भिंतींच्या नकाशावरून. न हलणारा पट्टा कुठल्याही एका वाहिनीच्या हद्दीत बसत नाही, तो गोलाकार सगळ्या भिंतींवर पसरलेला असतो. तरीही अँजिओ करावीच लागते. एलएडी मोठी असेल आणि टोकाला वळसा घालून जात असेल तर तिचा अटॅकही असाच दिसू शकतो, एकोवर पैज लावता येत नाही. बहुतेकांची भिंत काही आठवड्यांत पूर्ववत होते. पहिला रिपोर्ट बरोबर होता, दुसराही बरोबर आहे.

भीमाकाठ

आईला वाचून दाखवलं. ती रडली, पण बरं वाटलं म्हणाली. मनापासून आभार.

विणकर_पूर्वभाग

अजून एक विचारतो. अप्पांच्या थोरल्या भावाला, आमच्या पेद्दनान्नांना, चालताना छाती भरून येते. आयुष्यभर मागावर उभं राहून गुडघे गेलेत, ट्रेडमिलवर दोन मिनिटं चालवेना. डॉक्टरांनी डोब्युटामीन स्ट्रेस एको सांगितलाय. नाव ऐकूनच घरात भीती आहे.

उत्तरकसबा

पळता येत नाही त्यांच्यासाठीच ही तपासणी आहे. शिरेतून डोब्युटामीन देतात, हृदय चालायला गेल्यासारखं जोरात आणि भराभर ठोकायला लागतं. किलोमागे मिनिटाला ५ किंवा १० मायक्रोग्रॅमपासून सुरुवात, मग दर तीन मिनिटांनी वाढवत २०, ३०, ४० पर्यंत. लक्ष्य असतं २२० वजा वय, त्याच्या ८५ टक्के ठोके. सत्तर वर्षांच्या माणसासाठी साधारण १२८. प्रत्येक टप्प्याला त्याच भिंती त्याच कोनांतून बघतात आणि शेजारी ठेवून ताडून पाहतात. निवांत असताना चांगली असलेली भिंत जोरात ठोकताना मंदावली, तर त्या वाहिनीत अडथळा आहे असं धरतात.

याचा दुसरा उपयोग जिवंत स्नायू ओळखायचा. आधीच ठप्प असलेली भिंत कमी डोसला थोडी हलायला लागली आणि जास्त डोसला परत थांबली, तर तो स्नायू जिवंत आहे पण त्याला रक्त अपुरं पडतंय. अशा भिंतीची वाहिनी मोकळी केली तर ती सुधारण्याची आशा चांगली असते.

धडधड, डोकं जड होणं, कधी थोडं छातीत दुखणं होतं. औषधाचा असर काही मिनिटांत उतरतो. गंभीर त्रास क्वचितच होतो, पण होऊ शकतो, म्हणून डॉक्टर जवळ हजर असतात आणि सगळी तयारी ठेवूनच करतात. साध्या एकोला उपाशी राहायची गरज नाही असं ताईंनी लिहिलंय, इथे मात्र काही तास पोट रिकामं लागतं. ठोके कमी ठेवणारी बीटा-ब्लॉकर गोळी चालू असेल तर ती आधी एक-दोन दिवस थांबवायची की नाही हे तपासणी करणाऱ्या डॉक्टरांना विचारा, स्वतः बंद करू नका. काचबिंदू, प्रोस्टेटचा त्रास असेल तर तेही सांगा, कारण ठोके वाढेनात तर ॲट्रोपिन द्यावं लागतं आणि त्याने हे त्रास वाढू शकतात.

विणकर_पूर्वभाग

प्रोस्टेटची गोळी चालू आहे त्यांना. हे कुणी विचारलंच नव्हतं. सोमवारी जाताना गोळ्यांची सगळी पाकिटं आणि जुन्या एकोचा पेन ड्राइव्ह घेऊन जातो.